टाकी भरताना येणारी अडचण हाही गाडीचाच दोष आहे : मोटारनिर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मोटारगाड्यांची रचना करणारे अभियंते, गुणवत्ता तपासणी विभाग आणि ग्राहकसेवेचे प्रमुख,
सर्व मोटारनिर्मिती कंपन्या

विषय : इंधनटाकी आणि इंधन भरण्याच्या यंत्रणेबद्दल गाडीमालकांच्या तक्रारी व त्यांची हाताळणी

महोदय,

गाडीचे इंजिन, ब्रेक किंवा एसी यांबद्दल तक्रार केली, तर सर्व्हिस सेंटरमध्ये ती निदान ऐकून घेतली जाते, जॉब कार्डवर लिहिली जाते आणि कोणीतरी गाडी चालवून बघते. टाकीत पेट्रोल नीट भरले जात नाही, अशी तक्रार घेऊन गेलेल्या मालकाला मात्र बहुतेक वेळा काउंटरवरूनच परत पाठवले जाते. पंपाचे नोझल वारंवार कट होते, म्हणजे मध्येच आपोआप बंद पडते, असे सांगितले, की पंपाचे प्रेशर जास्त असेल, असे उत्तर मिळते. टाकी भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही म्हटले, की पेट्रोल खराब असेल. इंधनाचा काटा भलतेच दाखवतो म्हटले, की तो अंदाजापुरताच असतो. पेट्रोलचा वास येतो म्हटले, की नुकतीच टाकी भरली असेल. दोष गाडीबाहेर कुठेतरी आहे, असे गृहीत धरूनच ही सगळी उत्तरे दिली जातात. हे गृहीतक तुम्ही बदलावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सगळ्यांत जास्त ऐकू येणाऱ्या तक्रारीपासून सुरुवात करतो. गाडी पंपावर उभी असते, टाकी निम्म्याहून अधिक रिकामी असते, नोझल तोंडात पूर्ण आत बसवलेले असते आणि तरीही दोन-तीन लिटर जाताच खट् असा आवाज होऊन ते बंद पडते. पुन्हा दाबले, की पुन्हा खट्. मग नोझल थोडे बाहेर ओढून, कधी उलटे फिरवून, कधी ट्रिगर जेमतेम दाबून बारीक धारेने इंधन सोडत बसावे लागते. मागे उभ्या असलेल्या गाड्या हॉर्न वाजवू लागतात, आणि एखाद्या वेळी नोझल बंद होण्याआधीच पेट्रोल तोंडातून उसळून गाडीच्या रंगावर, कपड्यांवर आणि जमिनीवर सांडते. दर वेळी, दर पंपावर हेच घडत असेल, तर आपल्या गाडीत काहीतरी बिघडले आहे हे मालकाला कळायला तंत्रज्ञ असावे लागत नाही.

यामागची यंत्रणा तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र इतर गाडीमालकही वाचतील म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नोझलच्या टोकाजवळ एक लहान छिद्र असते आणि तिथून एक बारीक नळी मुठीपर्यंत गेलेली असते. इंधन वाहत असताना त्या वेगामुळे मुठीत ओढ तयार होते आणि त्या छिद्रातून हवा आत खेचली जात राहते. टाकी भरत आली, की इंधन किंवा त्याचा फेस ते छिद्र झाकतो, हवा येणे थांबते, ओढ एकदम वाढते, आतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटून प्रवाह बंद होतो. यात वीज नाही, सेन्सर नाही, टाकी किती भरली आहे याची कोणतीही माहिती नोझलला नसते. त्याला एवढेच कळते, की आपल्या टोकाशी द्रव आले आहे. तेव्हा टाकी रिकामी असताना नोझल कट होते, याचा अर्थ इंधन खाली उतरण्याऐवजी तोंडाशी तुंबते आहे.

आणि ते तुंबते ते बहुधा आतली हवा बाहेर पडत नसल्यामुळे. अरुंद तोंडाच्या बाटलीत घाईने पाणी ओतले, की ते गडगडत परत वर येते, तसेच इथे होते. पंपातून मिनिटाला साधारण ३५ ते ४० लिटर इंधन येऊ शकते. अमेरिकेत गाड्यांसाठी या प्रवाहाची कमाल मर्यादाच मिनिटाला १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, अशी ठरवून दिलेली आहे. जेवढे इंधन आत जाईल तेवढ्याच आकारमानाची हवा आणि वाफ त्याच मिनिटात टाकीतून बाहेर निघावी लागते. तिच्या वाटेत काय काय असते ते पाहा : टाकीच्या माथ्यावरचे व्हॉल्व्ह, वाफेचा पाइप, वाफ शोषून धरणारा कोळशाचा डबा म्हणजे कॅनिस्टर, त्यापुढचा हवा आत-बाहेर जाऊ देणारा व्हेंट व्हॉल्व्ह आणि अगदी शेवटी बाहेरच्या हवेकडे उघडणारा धुळीचा फिल्टर. यांपैकी एखादी जागा चोंदली, एखादा पाइप बसवताना दुमडला गेला, किंवा व्हेंट व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला, की नोझल कट होणारच. टाकीच्या मुखाशी असलेली एकतर्फी झडप अडकली तरी तसेच होते. डिझेलच्या गाडीत यात फेसाची भर पडते, कारण डिझेल ओतताना पेट्रोलपेक्षा जास्त फेसाळते.

पंपाचा दोष कधीच नसतो, असे माझे म्हणणे नाही. मोठ्या वाहनांसाठी असलेल्या जास्त प्रवाहाच्या नोझलने मोटारीत डिझेल भरले, तर ते कट होणारच, आणि नोझलही झिजते, बिघडते. पण हा दोष ओळखण्याची रीत इतकी सोपी आहे, की ती न वापरण्याला कारण उरत नाही. त्याच नोझलने दुसऱ्या गाड्या व्यवस्थित भरत असतील आणि ही गाडी वेगवेगळ्या पंपांवर तसाच त्रास देत असेल, तर पंपाचा विषय तिथेच संपतो. पहिल्या भेटीतच हा प्रश्न मालकाला विचारावा आणि त्याचे उत्तर जॉब कार्डवर लिहावे, असा नियम तुमच्या एकाही सर्व्हिस सेंटरमध्ये पाळलेला मी पाहिलेला नाही. त्याऐवजी गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडला जातो, त्यात बिघाडाचा कोड सापडत नाही आणि 'गाडीत दोष नाही' असा शेरा मारून गाडी परत दिली जाते.

या शेऱ्याबद्दल मला सर्वांत जास्त आक्षेप आहे. गाडीतली निदानयंत्रणा वाफेच्या मार्गाची जी चाचणी घेते, ती मुख्यतः गळती शोधण्यासाठी असते. मार्ग बंद करून त्यात दाब किंवा निर्वात टिकतो का, हे ती पाहते, आणि त्यात ती इतकी काटेकोर असते, की अर्धा-एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळतीही ती पकडू शकते. मात्र मिनिटाला ३५ लिटर वाफ सहज बाहेर जाते का, हे ती बहुतेक गाड्यांत तपासतच नाही. पाइप थोडा दुमडलेला असेल किंवा झडप निम्मीच उघडत असेल, तर गळतीची चाचणी उत्तम पार पडते आणि पंपावर मात्र टाकी भरत नाही. म्हणजे कोड नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. जो प्रश्न यंत्राने विचारलाच नाही, त्याचे उत्तर म्हणून त्याच यंत्राचा निर्वाळा मालकापुढे ठेवला जातो. हे तुमच्या प्रशिक्षण विभागाला ठाऊक नसेल, असे मानायला मी तयार नाही.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट करतो. वाफ पकडून ठेवणारी ही सारी व्यवस्था काढून टाकावी, असे मी म्हणत नाही. पेट्रोलच्या वाफेतील हायड्रोकार्बन हवेत मिसळून उन्हात ओझोन तयार होण्यास हातभार लावतात आणि त्या वाफेत बेंझीनही असते, जे कर्करोगास कारणीभूत ठरते. कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ पासून टाकीची वाफ कॅनिस्टरमध्ये अडवणे सक्तीचे झाले, आणि इंधन भरताना उसळणारी वाफसुद्धा गाडीतच पकडण्याची अट तिथे १९९८ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. चीननेही आपल्या सहाव्या टप्प्याच्या मानकांत ही अट घातली. पंपावर उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांसाठी हे चांगलेच झाले. पण पूर्वी भरणीच्या तोंडातून सरळ बाहेर जाणारी वाफ आता इतक्या वळणांतून आणि इतक्या व्हॉल्व्हमधून जाणार असेल, तर ती वाट गाडीच्या संपूर्ण आयुष्यात मोकळी राहील, ही जबाबदारी ती वाट आखणाऱ्याची आहे.

ती मोकळी राहत नाही याचे एक उदाहरण सार्वजनिक नोंदीतच आहे. २०११ मध्ये माझ्दा कंपनीला अमेरिकेतील आपल्या ५० हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण एका जातीचे कोळी कॅनिस्टरच्या व्हेंट पाइपमध्ये शिरून जाळे विणत होते. वाट बंद झाल्यामुळे टाकीत निर्वात तयार होई, टाकीवर ताण येई आणि तिला तडा जाऊन इंधन गळण्याचा धोका निर्माण होई. २०१४ मध्ये याच कारणासाठी आणखी सुमारे ४२ हजार गाड्या बोलावल्या गेल्या. बोटाएवढ्या जाडीच्या पाइपातील जाळ्याने टाकीला तडा जाऊ शकतो, हे कंपनीने मान्य केले आणि उपाय केला, याबद्दल तिचे श्रेयच आहे. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत कोळ्याची जागा धूळ आणि चिखल घेतात, आणि त्यांच्यासाठी गाड्या परत बोलावल्या जात नाहीत. व्हेंटचा फिल्टर बहुतेक गाड्यांच्या नियमित देखभालीच्या तक्त्यात नसतोच. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ऑइल फिल्टर यांच्या बदलाच्या तारखा मालकाला पाठ असतात, पण टाकी ज्याच्यातून श्वास घेते तो फिल्टर गाडीत आहे, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. अनेक गाड्यांत तो वेगळा बदलताही येत नाही. त्यासाठी आख्खा कॅनिस्टर घ्यावा लागतो.

कॅनिस्टरचा विषय निघालाच आहे, तर काठोकाठ टाकी भरण्याबद्दलही लिहितो. नोझल कट झाल्यावर आणखी इंधन भरू नये, अशी सूचना तुमच्या पुस्तिकांमध्ये असते, हे खरे. पण ती एका ओळीत, कारण न देता, शेकडो पानांत कुठेतरी दडलेली असते. टाकीचा माथा मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. तिथे वाफेला जागा लागते, आणि पेट्रोल दर १० अंश सेल्सिअसला सुमारे एक टक्का प्रसरण पावत असल्यामुळे ५० लिटरची टाकी उन्हात उभी राहिली, तर अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक जागा त्यालाच हवी असते. आग्रहाने भरलेले वरचे पेट्रोल त्या जागेतून वाफेच्या पाइपात उतरून कॅनिस्टरमध्ये जाते. तिथला कोळसा वाफ धरून ठेवण्यासाठी असतो. त्याच्यावर द्रव पेट्रोल पडले, की त्याची वाफ धरण्याची क्षमता खालावते आणि पुढे टाकी भरताना त्रास, वास, डॅशबोर्डवर इंजिनाच्या बिघाडाचा दिवा असे सारे एकामागून एक सुरू होते. हे कारण मालकाला एकदा नीट कळले, तर तो ते कधीच करणार नाही. भरणीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टायरमधील हवेच्या दाबाची सूचना चिकटवायला तुम्हाला जागा सापडते, तर तिथेच या सूचनेसाठीही दोन ओळींची जागा निघू शकते.

आणि इथेही दोष नेहमी मालकाचाच नसतो. नोझल दर दोन लिटरला कट होत असेल, तर कोणता खटका टाकी भरल्याचा आणि कोणता बिघाडाचा, हे मालकाने ओळखायचे कसे? खोट्या खटक्यांची सवय झालेला माणूस खऱ्या खटक्यानंतरही भरत राहतो, आणि मग कॅनिस्टर भिजला की त्यालाच 'ओव्हरफिलिंग' म्हणून वॉरंटी नाकारली जाते. एका दोषाने दुसरा दोष ओढवून घेतला आणि दोन्हींचा भुर्दंड मालकावर पडला, असे हे होते.

टाकी भरल्यावर लगेच गाडी सुरू करायला गेले की ती उगीच घरघरते, दोन-तीन प्रयत्नांनी सुरू होते, थोडा वेळ थरथरत चालते आणि मग सुरळीत होते, ही तक्रारही अशीच पेट्रोलच्या माथी मारली जाते. तिचे ठरलेले एक कारण म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकणे. कॅनिस्टरमधील वाफ इंजिनात सोडण्याचे काम या व्हॉल्व्हचे असते, आणि ती योग्य वेळीच सुटावी लागते. तो बंद होत नसेल, तर टाकी भरताना उसळलेली वाफ सरळ इंजिनात शिरते आणि मिश्रण इतके दाट होते, की ठिणगी ते पेटवू शकत नाही. टाकी भरल्यावरच त्रास आणि एरवी काहीच नाही, एवढे मालकाने सांगितले तरी अनुभवी मेकॅनिक प्रथम हाच व्हॉल्व्ह काढून फुंकून बघतो. वीजपुरवठा नसताना त्यातून हवा आरपार गेली, तर निदान झाले. काही मिनिटांचे हे काम सोडून मालकाला टाकी रिकामी करून दुसरीकडचे पेट्रोल भरा असा सल्ला दिला जातो, तेव्हा वाईट वाटते.

आता वासाबद्दल, कारण या तक्रारीला मी इतरांच्या बरोबरीने ठेवू इच्छित नाही. टाकीच्या माथ्यावर पंपाचे युनिट बसवलेले असते, त्याखाली रबरी सील असते आणि वरून एक रिंग आवळलेली असते. हे सील नीट बसले नसेल किंवा कडक झाले असेल, तर गळती फक्त टाकी पूर्ण भरल्यावर होते, कारण त्या वेळीच इंधन तिथपर्यंत पोहोचते, आणि वळणावर किंवा चढावर हिंदकळून बाहेर येते. मालक तक्रार घेऊन जातो तोवर पाव टाकी संपलेली असते. गाडी वर उचलून खालून टॉर्च मारली, तर टाकी कोरडी दिसते आणि गळती नाही असा शेरा मिळतो. मागच्या सीटखालचे कव्हर काढून, टाकी पूर्ण भरून, युनिटच्या कडेने बोट फिरवून पाहिल्याशिवाय हा दोष दिसणार नाही. मुलांना मागच्या सीटवर बसवून गाडी चालवणाऱ्या माणसाला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी भरलेल्या टाकीनिशी तपासल्याशिवाय परत देऊ नये, हा आदेश तुम्ही सर्व्हिस सेंटरांना लेखी द्यावा. इंधनटाकीच्या बाबतीत दुर्लक्षाची किंमत काय असते, हे मोटारउद्योगाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडीची टाकी मागच्या अक्षाच्याही मागे होती आणि मागून धडक बसल्यास ती फुटून आग लागण्याचा धोका होता. अपघात, मृत्यू आणि खटले यांनंतर १९७८ मध्ये तशा सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. उपाय काय होता? टाकीपुढे प्लास्टिकची एक ढाल आणि भरणीचा अधिक लांब पाइप. एवढ्या साध्या वस्तू आधीच बसवल्या असत्या, तर ती माणसे वाचली असती.

काट्याच्या तक्रारीवर फार वेळ घेत नाही, पण तिच्यामुळे होणारा एक अन्याय सांगायलाच हवा. पुस्तिकेत टाकीची क्षमता ४५ लिटर लिहिलेली असते आणि पंपावर एके दिवशी ४७ लिटर इंधन जाते. मालक पंपचालकाला लबाड ठरवतो, भांडण होते, तक्रार अर्ज होतात. छापलेली क्षमता ही नाममात्र असते. तिच्यावर वाफेसाठी ठेवलेली मोकळी जागा आणि भरणीचा पाइप यांत आणखी काही लिटर मावतात, ही गोष्ट तुम्ही कुठेच ठळकपणे लिहीत नाही. नाममात्र क्षमता किती, काठोकाठ किती आणि राखीव दिवा लागतो तेव्हा टाकीत किती इंधन उरलेले असते, हे तीन आकडे पुस्तिकेत एकाखाली एक छापले, तर हा सारा संशय मिटेल. खरोखर कमी इंधन देणाऱ्यालाही मग त्या संशयाच्या गर्दीत लपता येणार नाही.

काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो, नाहीतर वळणावर टाकीत हिंदकळणाऱ्या इंधनाबरोबर तोही नाचत राहील, हे समजण्यासारखे आहे. थोडेसेच इंधन भरले, तर अनेक गाड्या ते लगेच मोजत नाहीत, हेही ठीक. मात्र ज्या गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यासाठी टाकी खोगिरासारखी दोन भागांत विभागलेली असते, तिथे एका भागातून दुसऱ्या भागात इंधन ओढणारा जेट पंप बिघडला, तर काटा पाव टाकी दाखवत असतानाच गाडी बंद पडू शकते, कारण ते पाव टाकी इंधन पंपापर्यंत पोहोचतच नाही. अशा मालकाला 'काटा अंदाजापुरता असतो' हे उत्तर देणे म्हणजे त्याला भर रस्त्यात पुन्हा उभे करणे आहे.

झाकणे आणि खटके यांबद्दल एवढेच, की भरणीचे दार विजेवर उघडत असेल, तर वीज गेल्यावर ते हाताने उघडण्याची दोरी किंवा कळ प्रत्येक गाडीत असावी आणि ती कुठे आहे हे चित्रासह दाखवावे. प्लग-इन हायब्रिड गाड्यांत इंजिन फार कमी वेळ चालत असल्यामुळे वाफ टाकीतच दाबाखाली कोंडून ठेवतात, आणि बटण दाबल्यावर तो दाब उतरेपर्यंत दार उघडत नाही. ते काही सेकंद चालकाला दार अडकल्यासारखेच वाटतात, म्हणून दाब उतरतो आहे हे पडद्यावर स्पष्ट शब्दांत यायला हवे. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले जाणे हीसुद्धा रचनेचीच उणीव आहे, कारण पेट्रोलचे बारीक नोझल डिझेलच्या रुंद तोंडात सहज बसते. चुकीचे नोझल आत जाऊ न देणारी झडप काही गाड्यांत कितीतरी वर्षांपासून मिळते आहे. ती सगळ्याच गाड्यांत का नाही, याचे पटेल असे कारण मी अजून ऐकलेले नाही. युरोपात ऑक्टोबर २०१८ पासून पेट्रोलसाठी वर्तुळ, डिझेलसाठी चौकोन आणि वायुरूप इंधनासाठी पतंगाच्या आकाराचा चौकोन अशी चिन्हे पंपावर आणि नव्या गाड्यांच्या भरणीपाशी लावली जातात. अक्षर न वाचणाऱ्यालाही ती कळतात.

पंप आणि काट्याचे युनिट टाकीच्या आत असते. मागच्या सीटखाली त्यासाठी युनिट निघेल एवढे दार ठेवले, तर ते कमी वेळात बाहेर काढता येते. तुमच्यापैकी काहींनी ते दार ठेवलेलेच नाही. त्या गाड्यांत टाकी रिकामी करून, पट्टे सोडवून, ती खाली उतरवून मग पंपाला हात घालता येतो, आणि सुट्या भागाहून मजुरी जड होते. पत्र्यात एक चौकोन कापून त्यावर सीलबंद झाकण बसवण्याचे वाचवलेले हे काम गाडीच्या पुढच्या प्रत्येक मालकाच्या खिशातून वसूल होत राहते.

तुमच्याकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ आहे, असे मला एका जुन्या गोष्टीमुळे वाटते. १९८६ मध्ये फोर्ड कंपनीत काम करणारे जिम मॉयलन कंपनीची एक गाडी घेऊन पंपावर गेले, आणि भरणीचे तोंड दुसऱ्या बाजूला असल्यामुळे पावसात भिजले. परत येऊन त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहिले, की इंधनाच्या काट्याशेजारी भरणीची बाजू दाखवणारा एक छोटा बाण असावा. कोणी त्यांना 'गाडीतून उतरून बघायचे होते' असे सांगितले नाही. १९८९ च्या मॉडेलांवर तो बाण आला, इतर कंपन्यांनी तो उचलला आणि आज जगभरातल्या गाड्यांत तो दिसतो. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही, नवा सुटा भाग लागला नाही. पंपावर उभ्या असलेल्या माणसाची अडचण कंपनीच्या आतल्या माणसाने अनुभवली आणि कंपनीने ती मानली.

बाहेरच्या माणसाची अडचण तितक्याच सहजपणे मानली जावी, यासाठी काही गोष्टी तुम्हाला कोणत्याही कायद्याची वाट न पाहता करता येतील. टाकी भरण्याबद्दलची तक्रार मालकाच्या शब्दांत जॉब कार्डवर लिहिणे बंधनकारक करा, आणि कोड नाही एवढ्यावर ती बंद करू देऊ नका. वाफेच्या वाटेतील अडथळा मोजण्याची चाचणी प्रत्येक सर्व्हिस सेंटरला द्या आणि तिचे आकडे मालकाच्या हाती द्या. व्हेंटचा फिल्टर वेगळा बदलता येईल असा करा, तो देखभालीच्या तक्त्यात आणा, आणि धुळीच्या भागांसाठी त्याची मुदत कमी ठेवा. नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वी ती प्रयोगशाळेतल्या एकाच नोझलने भरून न थांबता प्रत्यक्ष पंपांवर, वेगवेगळ्या नोझलनी, पूर्ण प्रवाहाने, उन्हात तापलेल्या टाकीने आणि काही वर्षे धूळ खाल्लेल्या फिल्टरने भरून पाहा.

यांतही एका मागणीवर माझा सर्वाधिक भर आहे. एखाद्या मॉडेलमध्ये झडप अडकते किंवा पाइप दुमडतो हे तुम्हाला कळते, तेव्हा तुम्ही विक्रेत्यांना तांत्रिक पत्रक पाठवता. त्यात लक्षण, कारण आणि बदललेल्या सुट्या भागाचा क्रमांक असे सारे असते. अमेरिकेत अशा पत्रकांच्या प्रती रस्ते सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडे द्याव्या लागतात आणि त्या कोणालाही वाचता येतात. इतरत्र बहुतेक ठिकाणी मालकाला त्यांचा पत्ताही नसतो. ज्या मालकाला तुमच्याच विक्रेत्याने गाडीत दोष नाही म्हणून परत पाठवले, त्याच्याच मॉडेलविषयी तसे पत्रक त्या विक्रेत्याच्या संगणकात पडून असू शकते. ही पत्रके सर्व देशांतील मालकांना, गाडीचा क्रमांक टाकून, विनामूल्य आणि त्यांच्या भाषेत पाहता यावीत. वॉरंटी संपल्यानंतर पत्रक निघाले असेल, तर वॉरंटीच्या काळात तीच तक्रार नोंदवलेल्या मालकाला दुरुस्ती मोफत मिळावी. तक्रार नोंदवलीच गेली नाही, असे म्हणण्याची सोय राहू नये म्हणूनच जॉब कार्डवरच्या त्या ओळीचा मी आधी आग्रह धरला आहे.

या पत्राला आपल्यापैकी कोणी उत्तर देणार असेल, तर ते खासगीत न देता सर्वांना वाचता येईल असे द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक मोटारमालक